कामाच्या जागी तिला एकटं पाडू नका

मोताळा शहर आणि तालुक्यातील दुकानदार, शेतमालक, मुकादम, मुख्याध्यापक, आरोग्य अधिकारी, पतसंस्थांचे संचालक, बचत गटांच्या अध्यक्ष आणि कामावर सोबत असणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्यास तातडीचं आवाहन



घरी मार खाणारी बाई सकाळी कामावर निघाली, की निदान संध्याकाळपर्यंत तिची सुटका झाली असं आपल्याला वाटतं. पण मारणारा तिच्या मागोमाग येतो. ती कुठे काम करते, कोणत्या गाडीने येते, किती वाजता सुटते, मजुरी कोणत्या दिवशी हाती पडते, हे सगळं त्याला पाठ असतं. ती माहेरी गेली, बहिणीकडे राहिली, भाड्याची खोली घेतली, तरी पोट भरायला तिला रोज त्याच ठिकाणी यावं लागतं. म्हणून तिला शोधायचं झालं की तो तिथेच पोचतो. दुकानासमोर उभा राहतो. शाळेच्या फाटकात आरडाओरडा करतो. दवाखान्यात ड्युटीवर असलेल्या सिस्टरला फोनवर फोन लावतो. वावराच्या धुऱ्यावर येऊन सगळ्या बायकांसमोर शिव्या देतो, आणि आठवड्याचे पैसे हिसकावून नेतो.

अशा वेळी आजूबाजूचे आपण सगळे मान फिरवतो. "नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण कशाला मधे पडायचं?" असं म्हणतो. हे म्हणणं थांबवावं आणि त्याऐवजी काय करावं हे आजच ठरवावं, एवढ्यासाठी हे आवाहन आहे.

उशीर झाला की काय होतं

3 फेब्रुवारी 2020 ची सकाळ विदर्भ विसरलेला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटमध्ये एक तरुण प्राध्यापिका बसमधून उतरून कॉलेजकडे चालली होती. तिचा सतत पाठलाग करणाऱ्या माणसाने भर रस्त्यात तिच्या अंगावर पेट्रोल टाकून पेटवून दिलं. आठवडाभर झुंजून 10 फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 रोजी, न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. शिक्षा झाली, पण मुलगी परत आली नाही.

18 जून 2024 ला वसईत सकाळी कामावर निघालेल्या तरुणीला तिच्या पूर्वीच्या मित्राने रस्त्यात गाठलं आणि लोखंडी पान्याने तिच्या डोक्यावर घाव घातले. रस्त्यावर माणसं होती. काहींनी मोबाईलवर चित्रण केलं. ते चित्रण नंतर देशभर फिरलं.

या दोन्ही घटनांत मारणारा नवरा नव्हता. तरीही त्यांतून शिकण्यासारखं एकच आहे: हल्लेखोराने जागा निवडली ती कामाच्या वाटेवरची, कारण ती बाई त्या वेळी तिथे असणारच याची त्याला खात्री होती. नवऱ्याला तर याहून जास्त माहिती असते. त्याच्याकडे तिच्या फोनचा पासवर्ड असतो, बँकेचं पासबुक असतं, मुलं असतात. शिवाय "माझी बायको आहे" एवढं म्हटलं की कुठल्याही दारातून आत जायला त्याला कोणी अडवत नाही.

आपल्याकडे असं होत नाही, असं कोणी म्हणू नये. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 25 टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा कधी ना कधी सोसल्याचं सांगितलं. म्हणजे चौघींमागे एक. देशपातळीवर हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के निघाल्या. सोयाबीन सोंगणाऱ्या टोळीत, अंगणवाडीत, कापडाच्या दुकानात, पंचायत समितीच्या टेबलावर, जिथे पाच-सात बायका काम करतात तिथे अशी एखादी असण्याची शक्यता मोठी आहे. ती बोलत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

नोकरी गेली की तोच जिंकतो

तो कामाच्या जागी का येतो, हे नीट समजून घ्या. तमाशा करण्यामागे त्याचा हेतू असतो. बाईच्या हातात स्वतःचा पैसा आहे, तोवर ती घर सोडू शकते, मुलांची फी भरू शकते, वकील करू शकते. तो पैसा बंद झाला की ती परत त्याच्या दारात येते. म्हणून तिची बदनामी करायची, मालकाला कंटाळा आणायचा, तिला वारंवार उशीर होईल असं करायचं आणि शेवटी कामावरून काढायला लावायचं, हा त्याचा मार्ग असतो.

"रोजची कटकट नको, उद्यापासून येऊ नकोस" असं मालक म्हणतो, तेव्हा मारणाऱ्याचं काम तो स्वतःच्या हाताने पूर्ण करतो. बहुतेक मालकांना हे कळतही नाही. आपण फक्त आपल्या दुकानाची शांतता राखली, असं त्यांना वाटतं. माझी पहिली आणि सगळ्यात कळकळीची विनंती हीच आहे: नवरा त्रास देतो म्हणून तिला कामावरून काढू नका. दोष त्याचा आहे, शिक्षा तिला देऊ नका.

कायद्याने दिलेलं हत्यार पडून आहे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 मध्ये झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. मारहाण, घरातून हाकलणं, पोटगी याबद्दल तो आहे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यातलं कलम 18 मात्र फार कमी जणांनी वाचलेलं असतं. या कलमाखाली न्यायदंडाधिकारी मारणाऱ्याला थेट आदेश देऊ शकतात की तिच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही. फोन, मेसेज, चिठ्ठी, प्रत्यक्ष भेट, कोणत्याही मार्गाने तिच्याशी संपर्क करायचा नाही, असाही आदेश देता येतो. आणि तिला मदत करणाऱ्या नातेवाइकावर किंवा दुसऱ्या कोणावर हिंसा करायची नाही, असाही. म्हणजे तिच्या बाजूने उभा राहणारा दुकानदार, मुख्याध्यापिका, सोबतची मजूर बाई, या सगळ्यांना त्या आदेशाच्या आधारात घेता येतं.

हा आदेश मोडला तर कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. परिस्थिती गंभीर असेल तर कलम 23 खाली त्याची बाजू ऐकण्याआधीच अंतरिम आदेश देता येतो. आदेशाची प्रत तिला मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही पाठवली जाते. ती स्वतः रद्द करायला सांगेपर्यंत संरक्षणाचा आदेश लागू राहतो.

आणखी एक सोय नोकरदार बाईसाठी फार मोलाची आहे. ती जिथे राहते तिथेच नव्हे, जिथे काम करते त्या ठिकाणच्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. मलकापूर किंवा नांदुऱ्याकडच्या गावातून मोताळ्यात नोकरीला येणारी बाई मोताळ्याच्या न्यायालयात दाद मागू शकते. त्यासाठी सासरच्या गावी जाण्याची गरज नाही. न्यायालयात जाण्यासाठी वकिलाचे पैसे नसतील तरी अडत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा.

या कायद्यासोबतच्या 2006 च्या नियमांमध्ये आर्थिक हिंसेची यादी आहे. नोकरी करू न देणं, नोकरी करताना अडथळा आणणं, पगार किंवा मजुरी काढून घेणं, हे सगळं त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. आठवड्याची मजुरी हिसकावून नेणं ही हिंसाच आहे.

तेव्हा अर्ज लिहिताना "मला मारतो" एवढ्यावर थांबू नका. कामाच्या जागेचं नाव आणि पत्ता लिहा, कामाची वेळ लिहा, गाडी मिळते ती जागा लिहा. तो तिथे केव्हा केव्हा आला, त्या तारखा लिहा. जे अर्जात मागितलेलं नसतं, ते आदेशात सहसा येत नाही.

वावरात काम करणाऱ्या बाईचं काय?

शहरातल्या कंपनीला फाटक असतं, सुरक्षारक्षक असतो. मोताळा तालुक्यात काम करणारी बहुसंख्य बाईमाणसं वावरात आहेत. निंदण, खुरपणी, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी. आज या शेतात, उद्या त्या शेतात. अंगणवाडी सेविकेसोबत फार तर एक मदतनीस असते. आशा ताई एकटीच घरोघरी फिरते. यांच्यासाठी ऑफिस म्हणावं असं ठिकाण कुठलं? म्हणूनच इथे सोबतच्या माणसांनी उभं राहायला हवं.

मुकादमांनो, अशा बाईला टोळीच्या कडेला एकटी काम करू देऊ नका, मधल्या ओळीत ठेवा. जाता-येता तिला एकटी चालू देऊ नका. तिची मजुरी तिच्याच हातात द्या. नवरा मागायला आला तर "तिच्याकडूनच घे" असं सांगू नका. त्यामुळे रस्त्यात तिच्यावरच हात पडतो. "पैसे खात्यात जातात" एवढंच सांगा आणि खरोखरच खात्यात टाका. खातं तिच्या एकटीच्या नावाचं हवं. रोजगार हमीच्या कामावरची मजुरी तर मजुराच्या स्वतःच्या खात्यातच जमा व्हायला हवी. ग्रामरोजगार सेवकांनी तिच्या नावापुढे नवऱ्याचं खातं लावलेलं नाही ना, हे एकदा तपासून घ्यावं.

अर्ज करताना शेतमजूर बाईने "मी ज्या शेतात कामाला असेन त्या शेतात, त्या वाटेवर आणि गाडी थांबते त्या ठिकाणी त्याने यायचं नाही" असं मागावं. कायदा न्यायाधीशांना आदेशात आणखी मनाई घालण्याची मुभा देतो. ती मागायला हवी.

प्रत्येकाने काय करायचं

मालक, मुख्याध्यापक आणि कार्यालय प्रमुखांनो:

1. तिच्याशी एकांतात बोला, तिला विश्वासात घ्या. जे कळेल ते बाजारात, नातेवाइकांत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका.
2. तिची कामाची वेळ, बसायची जागा, ड्युटीचा दिवस बदलता येत असेल तर बदला. दर्शनी काउंटरवरून आतल्या कामाला घ्या. मात्र हे तिला विचारून करा, आणि त्यामुळे तिचा पगार कमी होऊ देऊ नका.
3. फोनवर किंवा दारात कोणी विचारलं तर ती आली का, किती वाजता सुटते, कुठे राहते, हे सांगू नका. विचारणारा नवरा असो, दीर असो की सासू.
4. न्यायालयाची तारीख, पोलीस ठाणं, दवाखाना यांसाठी तिला रजा द्या.
5. तो आला, बोलला, धमकी दिली, तर तारीख, वेळ आणि साक्षीदार लगेच वहीत लिहून ठेवा. कॅमेरा असेल तर चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, त्याआधी वेगळं साठवा. न्यायालयात हेच कामी येतं.
6. दोघांना समोरासमोर बसवून समेट करायला जाऊ नका. बाई घर सोडायच्या तयारीत असते किंवा नुकतीच बाहेर पडलेली असते, तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. ती काय बोलली हे त्याला कळलं, तर रात्री किंमत तिलाच मोजावी लागते.

सहकाऱ्यांनो, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज, सारखा वाजणारा आणि घाबरून उचललेला फोन, दर आठवड्याला मागितलेली उचल, सुटायच्या वेळी वाढलेली घालमेल, हे दिसलं तर एकदा विचारा. ती "काही नाही" म्हणाली तरी रागावू नका. "कधीही सांग, मी आहे" एवढं म्हणून ठेवा. बसस्थानकापर्यंत तिच्यासोबत चाला. संकटात असल्याचं सांगायला एखादा साधा शब्द आधीच ठरवून घ्या. तो तिने उच्चारला की 112 लावायचा.

"मदत केली तर उद्या माझ्यावरच केस होईल," ही भीती अनेकांना वाटते. कायद्याच्या कलम 4 मध्ये त्याचं उत्तर आहे. हिंसा होत असल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती कोणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

ताई, तुझ्यासाठी

आधार कार्ड, पासबुक, लग्नाचे फोटो, दवाखान्याचे कागद, मुलांचे दाखले यांच्या प्रती कामाच्या जागी एखाद्या विश्वासू बाईजवळ ठेव. फोनचा आणि बँकेचा पासवर्ड बदल. त्याच्या धमकीचे मेसेज पुसू नकोस. रोज एकाच वाटेने, एकाच गाडीने येऊ नकोस. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखव आणि कसं लागलं ते खरं लिहून घे. "पडले" असं सांगू नकोस.

पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत नाही" असं उत्तर मिळालं तर परत फिरू नकोस. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. बोराखेडी ठाणं असो, धामणगाव बढे असो की मलकापूर, तुझी तक्रार कुठेही नोंदवून घेतली पाहिजे. नवऱ्याचा छळ, पाठलाग आणि जिवे मारण्याची धमकी, हे भारतीय न्याय संहितेखाली वेगवेगळे गुन्हे आहेत.

तातडीची मदत हवी असेल तर 112. महिलांसाठी 181. मुलांना धोका असेल तर 1098. संरक्षण अधिकाऱ्याचं नाव पंचायत समितीतल्या एकात्मिक बालविकास प्रकल्प कार्यालयात विचार. अर्ज आणि घटनेचा अहवाल तयार करून देणं हे त्यांचं कर्तव्य आहे, ते तुझ्यावर उपकार करत नाहीत.

तालुका प्रशासनाला

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना महिला व बालविकास विभागाचे अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमण्याचे निर्देश दिले. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव, बसण्याची जागा आणि फोन क्रमांक तहसील कार्यालयाच्या, पंचायत समितीच्या, नगर पंचायतीच्या, ग्रामीण रुग्णालयाच्या आणि बसस्थानकाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. त्याला फार खर्च येणार नाही. पोलिसांना विनंती अशी की, संरक्षण आदेशाची प्रत आली की ती फाइलमध्ये पडून राहू नये. बीट अंमलदाराने तिच्या कामाच्या जागी एकदा जाऊन यावं आणि पोलीस पाटलांनाही कल्पना द्यावी. पोलीस आपल्याकडे बघत आहेत हे कळलं की कितीतरी पुरुष घरातून बाहेर पडण्याआधीच थांबतात.

घरच्या हिंसेचा विषय फक्त पोलिसांचा नाही; जगाने तो कामगारांच्या सुरक्षेचाही मानला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून 2019 मध्ये स्वीकारलेल्या 190 क्रमांकाच्या करारात घरगुती हिंसेचा कामावर होणारा परिणाम ओळखण्याची आणि तो कमी करण्याची जबाबदारी नोंदवली आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. फिलिपाइन्समध्ये 2004 पासून, न्यूझीलंडमध्ये एप्रिल 2019 पासून अशा कर्मचाऱ्यांना दहा दिवसांची पगारी रजा मिळते. आपल्याकडे तशी वेगळी रजा नाही. ती मागत राहू. पण मोताळ्यातल्या दुकानदाराला आपल्या एका कामगार बाईला चार दिवस रजा द्यायला दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि हे वाचणाऱ्या नवऱ्याला

तिचा पगार तुझ्या घरात येतो. तिचं काम बंद पडलं तर मुलांच्या ताटातली भाकरी कमी होते. राग आवरत नसेल, दारू सुटत नसेल, तर डॉक्टरकडे जा, समुपदेशन घे. पण तिच्या कामाच्या जागी जाऊ नकोस. तिथे उभं राहून तुझी इज्जत वाढत नाही, आणि न्यायालयाची मनाई असताना गेलास तर एक वर्षापर्यंत कैद कायद्यात लिहिलेली आहे.

पुढचं पाऊल

हा जिल्हा ताराबाई शिंद्यांचा आहे. 1882 मध्ये याच बुलढाण्याच्या बाईने 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून घरातला अन्याय छापील पानावर आणला. तो घरातच झाकून ठेवावा हे तिने मान्य केलं नाही. एवढ्या वर्षांनी आपण "घरचा मामला" म्हणून पाठ फिरवणं शोभत नाही.

येत्या आठ दिवसांत प्रत्येक दुकानात, शाळेत, दवाखान्यात, पतसंस्थेत बसून वरच्या सहा गोष्टी वाचा आणि त्या आपल्या जागी कोण पाळणार ते नावानिशी ठरवा. प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या महिला सभेत आणि ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि मंजूर करून घ्या. मोताळा शहरात नगर पंचायतीने तो करावा:

"आमच्या गावात कोणत्याही स्त्रीला घरच्या हिंसेमुळे कामावरून काढलं जाणार नाही. तिची मजुरी तिच्याच हातात किंवा तिच्याच खात्यात दिली जाईल. तिच्या कामाच्या जागी त्रास देणाऱ्याला आम्ही आत येऊ देणार नाही आणि लगेच पोलिसांना कळवू. संरक्षण अधिकाऱ्याचं नाव व क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर कायम लावला जाईल."

या चार वाक्यांना हात वर करणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. तुम्ही ठराव मांडा, पहिला हात तुमचा असू द्या.